तुरुंगाच्या नोंदी कोणी वाचल्या?

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाने तुरुंगांचे आकडे मांडून, गुन्हेगारी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वंशातच असल्याचा निष्कर्ष काढला. अनेकांना तो पटलाही. आकड्यांपुढे बोलणार कोण? त्याच वर्षी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात बिऱ्हाड करून घरोघर फिरू लागले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना नेमलं होतं खरं, पण अध्यापकवर्गात जागा दिली नव्हती. १८९९च्या ‘द फिलाडेल्फिया निग्रो’साठी त्यांनीही तुरुंगाच्या नोंदीच तपासल्या, पण प्रश्न निराळे विचारले. गुलामीतून सुटून शहरात आलेल्या, चांगल्या कामाची दारं बंद असलेल्या माणसाचं काय होतं? आणि न्यायालय गोऱ्याला झुकतं माप देत असेल, तर कैद्यांची डोकी मोजून गुन्हा मोजला जातो का? १९०१मध्ये त्यांनी दक्षिणेत कैदी भाड्याने देण्याच्या पद्धतीवर लिहिलं. खाणी-मळ्यांना माणसं पुरवून तिथली सरकारं पैसे कमावत होती. कैदी वाढणं त्यांच्या फायद्याचंच होतं.

आकड्यांनीच उत्तर देणाऱ्या आणखी एक म्हणजे कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स. १८९२मध्ये मेम्फिसमध्ये त्यांच्या ओळखीच्या तिघांना जमावाने ठार मारलं आणि त्यांनी लेखणी उगारल्यावर त्यांच्या वृत्तपत्राची कचेरीही फोडली. १८९५च्या ‘द रेड रेकॉर्ड’मध्ये त्यांनी मुद्दाम ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्याच पत्राचे आकडे वापरले. झुंडबळी म्हणजे बलात्काराचा सूड, हे समर्थन तिथेच कोसळलं: बहुतेक बळींवर तसा आरोपसुद्धा नव्हता. मला ही पद्धत ड्यू बॉइस यांच्याहून धारदार वाटते. पुढे टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत समाजशास्त्रज्ञ मन्रो वर्क यांनी वर्षानुवर्षं अशा बळींची नोंद ठेवली.

गुन्हेशास्त्राने मात्र ही नावं बराच काळ बाजूला ठेवली. १९९२मध्ये कॅथरिन रसेल यांनी कृष्णवर्णीय गुन्हेशास्त्राची स्वतंत्र शाखा हवी असं मांडलं. २००२मध्ये शॉन गॅबिडन, हेलन टेलर ग्रीन आणि व्हर्नेटा यंग यांनी जुनं लेखन एका ग्रंथात आणलं.

या गौरवात ड्यू बॉइस यांचं एक अंग झाकलं जातं. गरीब वस्तीतल्या आपल्याच लोकांवर ते मास्तरांसारखे डाफरतात. हा सूर त्यांच्यापुरताच नव्हता. २०१७च्या ‘लॉकिंग अप अवर ओन’मध्ये जेम्स फोरमन ज्युनियर यांनी वॉशिंग्टन शहराचा अलीकडचा इतिहास तपासला, तेव्हा कडक शिक्षांच्या पाठीराख्यांत कृष्णवर्णीय नगरसेवक, न्यायाधीश आणि पोलीसही निघाले. त्यांनी नोकऱ्या, शाळा आणि घरंही मागितली होती. हाती आले ते मुख्यतः पोलीस आणि तुरुंग.