तुंबलेलं सिंक, अडलेला धंदा : अर्ध्या तासात स्वतः मोकळं कसं कराल?



तुम्ही म्हणाल, सर, कालपर्यंत मार्केटिंग आणि हिशोब शिकवत होतात, आज एकदम सिंक आणि मोरी? सांगतो. आपल्याकडे बरेचसे छोटे धंदे घरातूनच सुरू होतात. कोणी डबे देतं, कोणी मोदक-पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतं, कोणी पुढच्या खोलीत पार्लर चालवतं. या सगळ्या धंद्यांत पाणी लागतं, आणि वापरलेलं पाणी कुठून तरी बाहेर जावं लागतं. ज्या दिवशी ते जात नाही, त्या दिवशी धंदा बंद!

आधी हिशोब करू

समजा, तुम्ही रोज ४० डबे देता आणि एका डब्याचे ८० रुपये घेता. म्हणजे दिवसाची विक्री ३,२०० रुपये. सकाळी सहा वाजता सिंक तुंबलं. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, "बारापर्यंत येतो." आता तांदूळ भिजलेत, भाजी चिरलीय, पातेली खरकटी पडलीत आणि सिंकमध्ये घाण पाणी वर आलंय. डबे गेले नाहीत तर ३,२०० रुपये गेलेच, शिवाय भाजीही वाया.

पण खरा फटका पुढे आहे. त्या दिवशी उपाशी राहिलेल्या ग्राहकांपैकी दोघांनी जरी दुसरीकडे डबा लावला, तरी महिन्याचे २५ दिवस धरून ४,००० रुपयांची विक्री कायमची गेली. आणि हा सगळा घोळ कशामुळे? पाईपात अडकलेल्या मूठभर तेलकट गाळामुळे.

म्हणून आजचा विषय. हे काम अवघड नाही. फक्त क्रम माहीत पाहिजे, आणि कुठे थांबायचं हे माहीत पाहिजे.

तुंबतं का?

बेसिनच्या खाली पाईपाला एक वाक दिलेला असतो, किंवा बाटलीसारखा डबा असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं. ते पाणी म्हणजे झाकण: गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. ही कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासाच्या भांड्यासाठी असा वाकडा पाईप पेटंट केला होता. अडीचशे वर्षं झाली, तत्त्व तेच आहे.

पण जिथे वाक असतो तिथे गाळही बसतो. स्वयंपाकघरात मुख्य गुन्हेगार म्हणजे तेल-तूप. गरम असताना ते पाण्यासारखं वाहतं, पाईपात जाऊन थंड झालं की भिंतीला थर धरतं. वनस्पती तूप आणि साजूक तूप तर लगेच थिजतं. त्या चिकट थरावर चहाचा चोथा, भाताची शितं, परातीतली कणीक येऊन बसते. रोज थोडं थोडं. आपल्याला वाटतं सिंक अचानक तुंबलं, पण ते दोन-तीन महिने तुंबत असतं. पाणी हळू उतरायला लागलं, गुडगुड आवाज यायला लागला, की समजा नोटीस आली.

पार्लरमध्ये आणि बाथरूममध्ये हेच काम केस आणि साबणाचा थर मिळून करतात.

पहिलं काम : तुंबलंय कुठे ते ओळखा

हात लावण्याआधी दोन मिनिटं तपासा.

- फक्त एकच सिंक तुंबलंय, बाकी मोरी-बेसिन ठीक आहे? मग अडथळा त्याच सिंकच्या जाळीत, ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पाईपात आहे. हे तुम्ही काढू शकता.
- सिंक, मोरी, बाथरूम सगळीकडेच पाणी तुंबतंय? मग अडथळा पुढच्या मोठ्या लाईनमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. हे तुमचं काम नाही.
- तुम्ही नळ बंद ठेवलाय तरी पाणी वर येतंय? मग वरच्या मजल्यावरचं पाणी तुमच्याकडे उलटं येतंय. सोसायटीला लगेच कळवा.

सामान काय लागेल?

रबरी वाटीचा प्लंजर, रबरी हातमोजे, एक बादली, जुनं फडकं, जुना टूथब्रश आणि ड्रेन साफ करायची लवचीक स्प्रिंग. स्प्रिंग सोडली तर बाकीचं सामान दोन-तीनशे रुपयांत येतं, आणि निम्मं घरात असतंच. संडासासाठी वापरलेला प्लंजर स्वयंपाकघरात आणायचा नाही. दोन वेगळे ठेवा.

आता काम सुरू

पायरी १ : पाणी थांबवा. घरात सगळ्यांना सांगा की नळ सोडायचा नाही. सिंकमधली भांडी काढा. मोजे घाला. जाळी उचला आणि तिच्याखाली हाताला लागेल तेवढा कचरा काढा. कधी कधी इथेच काम संपतं.

पायरी २ : प्लंजर मारा. साचलेलं सगळं पाणी काढून टाकू नका. प्लंजरची वाटी बुडेल इतकं पाणी हवं. कारण हवा दाबली की नुसती आकसते, पाणी आकसत नाही, त्यामुळे तुमचा जोर थेट गाळापर्यंत पोचतो. बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असेल, किंवा शेजारी दुसरं सिंक त्याच पाईपाला जोडलेलं असेल, तर तिथे ओलं फडकं घट्ट दाबून धरा. नाहीतर जोर तिकडून निघून जाईल. आता वाटी भोकावर नीट बसवून १५-२० वेळा दाबा आणि ओढा. ओढणंही तितकंच महत्त्वाचं, कारण गाळ पुढे-मागे हलला की तुटतो. असं तीन-चार वेळा करा.

पायरी ३ : ट्रॅप खोला. पाणी उतरलं नाही तर खाली बसा. बादली ट्रॅपखाली ठेवा आणि नट फिरवा. प्लॅस्टिकचे नट बहुधा हातानेच सुटतात. आतलं पाणी बादलीत येईल. ट्रॅप टूथब्रशने घासा. बऱ्याच घरांत सिंकखाली ट्रॅप नसतो, तर पन्हळीदार लवचीक पाईप थेट खालच्या मोरीत सोडलेला असतो. त्या पन्हळींत तेलकट थर पक्का बसतो. तो पाईप काढून बाथरूममध्ये साबणाच्या गरम पाण्याने धुवा. फारच भरला असेल तर बदला, महाग नसतो.

एक सूचना: बादलीतलं घाण पाणी सवयीने त्याच सिंकमध्ये ओतू नका. खाली पाईप नाहीये!

परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघा. नट हाताने घट्ट करा, पान्याने आवळू नका, प्लॅस्टिक तडकतं. मग सिंक अर्धं भरून एकदम पाणी सोडा आणि जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर गळती आहे. पुन्हा खोलून वॉशर नीट बसवा.

पायरी ४ : स्प्रिंग घाला. ट्रॅप स्वच्छ आहे तरी पाणी जात नाही, तर अडथळा भिंतीतल्या पाईपात आहे. स्प्रिंग हळूहळू फिरवत आत ढकला. अडलं की जोर लावू नका, फिरवत राहा. गाळात घुसली की फिरवतच बाहेर ओढा.

पायरी ५ : धुऊन काढा. पाणी वाहायला लागलं की भांड्यांचा साबण टाकून गरम पाणी सोडा. लक्षात ठेवा, गरम म्हणतोय, उकळतं नाही. आपल्याकडचे बरेच सांडपाण्याचे पाईप पीव्हीसीचे असतात, त्यांना ६० अंशांपर्यंतचं पाणी ठीक. पातेलंभर उकळतं पाणी ओतत राहिलात तर पाईप मऊ पडतो आणि जोड सुटतात.

मोरीचं थोडं वेगळं : वरची जाळी उचला, केस काढा, खालचा कप बाहेर घेऊन धुवा, आणि तो परत बसवा. "पाणी पटकन जातं" म्हणून बरेच जण कप काढूनच ठेवतात. मग दुसऱ्या दिवसापासून वास आणि झुरळं. ज्या पार्लरमध्ये गटाराचा वास येतो तिथे ग्राहक काही बोलत नाही, फक्त परत येत नाही.

हे मात्र करू नका

ॲसिड ओतू नका. फरशीचं ॲसिड तेलकट गाळ नीट विरघळवत नाही, पण धातूची जाळी, सिंक आणि तुमचे डोळे मात्र खराब करतं.

दोन केमिकल एकत्र करू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. सकाळी एकाने एक टाकलं, दुपारी दुसऱ्याने दुसरं, असंही घडू शकतं. म्हणून काही टाकलं असेल तर घरात सांगून ठेवा.

ड्रेन क्लीनर टाकल्यावर प्लंजर मारू नका. अशा अनेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात तो प्रचंड तापतो आणि कातडी भाजतो. शिंतोडा डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. प्लंबर येणार असेल तर पाईपात काय टाकलंय ते त्याला आधी सांगा. तो माणूस हात घालणार आहे.

आणि सोडा-व्हिनेगर? फेस छान येतो, व्हिडिओत छान दिसतो. पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं बहुतेक खारट पाणी. वास कमी करायला ठीक आहे. पक्का बसलेला गाळ त्याने निघत नाही.

कुठे थांबायचं?

माझा नियम अर्ध्या तासाचा. अर्ध्या तासात पाणी उतरलं नाही तर प्लंबरला बोलवा. कारण तुमचा वेळही फुकट नाही, तो ४० डब्यांचा वेळ आहे.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. चेंबर, ड्रेनेज लाईन किंवा सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरू नका आणि दुसऱ्या कोणालाही उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाईड, मिथेन असे वायू साचलेले असतात, माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि वाचवायला उतरणाराही जातो. "पाचशे जास्त देतो, उतर रे," असं म्हणणं म्हणजे त्याच्या जिवाची किंमत पाचशे लावणं. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मशीनवाल्यालाच बोलवा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

आता धंद्याचं बोलू

यातून उद्योजकाने काय घ्यायचं? तीन गोष्टी.

एक, देखभाल कॅलेंडरवर टाका. डब्याच्या धंद्यात दर रविवारी जाळी आणि महिन्यातून एकदा ट्रॅप, असं लिहूनच ठेवा. ताटं-पातेली धुण्याआधी तेल कागदाने पुसून घ्या. वापरलेलं तेल बाटलीत साठवा, सिंकमध्ये नको. अन्न व्यवसायाच्या २०११ च्या नियमांत, शेड्यूल ४ मध्ये, सांडपाण्याची नीट सोय सांगितलेली आहे. म्हणजे हा नुसता घरगुती प्रश्न नाही, तुमच्या नोंदणीशी जोडलेला आहे. धंदा वाढला की सिंकखाली ग्रीस ट्रॅप बसवा: त्यात पाणी थोडं थांबतं, तेल वर तरंगतं, आणि ते काढून टाकता येतं.

दोन, प्लॅन बी ठेवा. एका चांगल्या प्लंबरचा नंबर पुरत नाही, दोघांचे ठेवा. काम नसतानाही ओळख ठेवा. बिल झालं की लगेच पैसे द्या. ज्याचे पैसे तुम्ही अडवत नाही, तो सकाळी सहालाही फोन उचलतो.

तीन, यात संधी आहे का बघा. तुमच्या गल्लीत किती खानावळी, चहाच्या टपऱ्या, पार्लर आहेत ते मोजा. त्या सगळ्यांना महिन्याची ठरलेली साफसफाई हवी असते, पण तुंबल्याशिवाय कोणी बोलावत नाही. ज्याच्या हातात कसब आहे त्याने महिन्याचा ठरलेला दर लावून, तारीख देऊन, त्या तारखेला जाऊन दाखवलं तर ग्राहक टिकतो. शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे. कामाला लाज नाही मित्रांनो, रिकाम्या खिशाला आहे.

आज रात्री एकच करा. भांडी घासून झाली की सिंक अर्धं भरा, पाणी एकदम सोडा आणि घड्याळ बघा. किती सेकंद लागले ते कॅलेंडरवर लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर रविवारी मोजे घालून खाली बसा. सोमवारचे डबे वेळेवर जातील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा चालू ठेवा, पाणी वाहतं ठेवा!