पडद्यावरचा दाखला आणि घरातले मूल

कळंबच्या चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्याकडे जावे लागते, आणि त्या उतरताना सोबतचे लहान मूल हमखास विचारते की देव असा खाली काहून बसला आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणल्या जाणाऱ्या या स्थानाची कथा अशी सांगतात की, अहल्येच्या प्रकरणी गौतम ऋषींचा शाप भोगणाऱ्या इंद्राने येथे येऊन गणेशाची आराधना केली, अंकुशाने भूमी विदारून कुंड निर्माण केले आणि त्या जलाने तो शापमुक्त झाला. आता या कथेचा पूर्वार्ध सहा वर्षांच्या नातवाला कोणती आजी सांगेल? ती म्हणते, "इंद्रानं काही चुकीचं केलं, म्हणून ऋषी रागावले," आणि थेट कुंडावर येते. नात चौदा वर्षांची झाली की तिला थोडे अधिक कळते, आणि सुनेला तर सगळेच ठाऊक असते. कोणाला किती सांगावे याची ही तजवीज कोणत्याही कायद्यावाचून, मंडळावाचून आणि शिक्क्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र हीच निवड आपण बिनदिक्कत सरकारच्या हवाली करून मोकळे होतो. "सेन्सॉरने पास केला आहे, मग पोरांनी पाहायला हरकत ती काय?" हे वाक्य सुशिक्षित, विचारी आणि इतर बाबतींत अतिशय दक्ष अशा पालकांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याच्या पोटात दडलेले गैरसमज एकदा उलगडून पाहणे अगत्याचे वाटते.

ज्याला आपण अजूनही सेन्सॉर म्हणतो, त्या संस्थेचे नाव 1983 पासून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ असे आहे, आणि 1952 च्या कायद्यान्वये ती जो दाखला देते तो पालकांना उद्देशून दिलेली शिफारस नसून, चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनास दिलेली अनुज्ञा असते. 'यू' या अक्षराचा अर्थ एवढाच की, या खेळाला वयाच्या कारणावरून कोणासही मज्जाव नाही. तो चित्रपट मुलांसाठी काढलेला आहे, मुलांना समजेल, रुचेल किंवा मानवेल, असे त्या अक्षरात कोठेही अभिप्रेत नाही. एखाद्या वृद्ध दांपत्याच्या वाटणीच्या दाव्यावरचा रटाळ चित्रपटही निर्धास्तपणे 'यू' मिळवील आणि तो पाहताना आठ वर्षांचे पोर पहिल्या अर्ध्या तासात झोपी जाईल. शिवाय 1983 पूर्वी सर्वांसाठी आणि केवळ प्रौढांसाठी असे दोनच वर्ग होते. मधली पायरीच नव्हती. त्यामुळे जुन्या चित्रपटाच्या 'यू'ला आजच्या 'यू'च्या तागडीत घालणे हे मुळातच चुकीचे ठरते.

मंडळाची चिंता आणि मुलाची भीती या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे ज्याला पटवून घ्यायचे असेल त्याने 1975 च्या 'शोले'चे उदाहरण घ्यावे. ठाकूर आपल्या खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरचा अंत करतो असा मूळचा शेवट होता. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे मंडळास मंजूर झाले नाही, आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. शासनाच्या दृष्टीने आक्षेपार्ह ते गेले. परंतु ठाकूरच्या अंगणातला तो झोपाळा, त्याची ती करकर आणि लहानग्या नातवावर रोखलेली बंदूक हे सारे पडद्यावर राहिले, आणि ज्यांनी तो चित्रपट आईबापांच्या शेजारी बसून लहानपणी पाहिला त्यांना विचारा, रात्री दचकून उठवले ते कशाने? गब्बरच्या मरण्याने खचित नव्हे.

दुसरा गैरसमज 'यूए'विषयी आहे, आणि तो दोन्ही टोकांचा आहे: काहींना तो प्रौढांचा चित्रपट वाटतो, काहींना तो केवळ कागदी सोपस्कार वाटतो. पूर्वी या दाखल्याचा अर्थ बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी मार्गदर्शन करावे असा होता; 2023 च्या दुरुस्तीने आणि त्यामागून आलेल्या 2024 च्या नियमांनी त्याचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन पोटभाग केले. पण याहून महत्त्वाची जी गोष्ट त्या दुरुस्तीत स्पष्ट शब्दांत आहे, ती फारच थोड्यांच्या वाचनात आली असावी: हा वयाचा निर्देश पालकांनी विचार करावा एवढ्यासाठी आहे आणि पालकांवाचून अन्य कोणीही त्याची अंमलबजावणी करावयाची नाही. म्हणजे '16+' लिहिलेल्या चित्रपटास तुम्ही दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात, तर दारावरचा माणूस तुम्हांस अडवणार नाही. आणि त्याने अडवले नाही म्हणून तो चित्रपट योग्य आहे असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तर तो निष्कर्ष सर्वस्वी तुमचा. याउलट 'ए' दाखल्याच्या खेळाला अठरा वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही तो नाहीच. तेथे "बाप सोबत आहे ना" ही सबब कायद्यापुढे चालत नाही.

देवादिकांचा चित्रपट म्हणजे मुलांना निर्धास्तपणे दाखवण्याजोगा, ही समजूत तर आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्यात रोहिदासाचे काम त्यांचा मुलगा भालचंद्र याने केले होते. आणि कथा कोणती, तर राज्यभ्रष्ट झालेले कुटुंब, मुलाचा मृत्यू, स्मशान आणि पत्नीच्या मानेवर शस्त्र उगारलेला पती! या कथेने सत्यनिष्ठेचा जो संस्कार घरोघरी केला त्याविषयी मला नितांत आदर आहे. पण चार वर्षांच्या बालकास त्या पडद्यावर सत्य दिसत नाही, त्याला बापाने आईवर उगारलेली तलवार दिसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअॅन कँटर यांनी मुले पडद्यावरच्या कशाला भितात याचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, अगदी लहान मुले जे विद्रूप दिसते त्याला भितात, तर मोठी मुले जे खरोखर घडू शकेल त्याला भितात. 'इन्क्रेडिबल हल्क' या दूरचित्रवाणी मालिकेत एक सज्जन गृहस्थ क्रोधाच्या भरात हिरवा राक्षस होतो. तो राक्षस वस्तुतः चांगल्यांचा कैवारी, तथापि बालवर्गाच्या वयाची मुले घाबरत ती नेमकी त्या रूपांतराच्या क्षणी, आणि मोठ्या भावंडांना त्याचे काहीच वाटत नसे. आपल्या पौराणिक मालिकांतले नृसिंह आणि पूतना या दृष्टीने एकदा पाहावेत. अशा वेळी लहानग्याला "ते खोटं आहे रे" असे समजावणे फारसे कामी येत नाही. त्याला मांडीवर घेणे कामी येते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र शब्दांचा आधार पुरतो.

व्यंगपट म्हणजे, आजच्या बोलीत कार्टून म्हणजे, मुलांचेच, हाही तसलाच एक भ्रम. चित्रे रेखाटून केलेला चित्रपट ही एक रीत आहे, वयोगट नव्हे. 1988 च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये एकाच तिकिटात दोन रेखाचित्रपट दाखवण्यात आले: एक 'माय नेबर टोटोरो', ज्यात दोन बहिणी रानातल्या एका गमतीदार प्राण्याशी मैत्री करतात, आणि दुसरा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', ज्यात युद्धकाळात अनाथ झालेली दोन भावंडे उपासमारीने मरतात. दोहोंची निर्मिती एकाच संस्थेची. जे पालक घरकाम उरकण्यासाठी मुलापुढे कार्टून लावून स्वयंपाकघरात जातात, त्यांनी या जोडीचा विचार करावा.

आता ज्या प्रश्नी मी स्वतः बहुमताच्या विरुद्ध आहे, त्याकडे वळतो. दुःखाचा चित्रपट मुलांना दाखवू नये असे अनेकांना मनापासून वाटते. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या 'श्यामची आई'ला देशातील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि त्यात आई मरते. म्हणून तो मुलांपासून दूर ठेवावा असे महाराष्ट्रात त्या काळी कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. कळंबच्याच एका घरी, बाहेरच्या खोलीत, आजीपासून पाच वर्षांच्या धाकट्यापर्यंत सगळे 'नाळ' पाहत बसले होते. 2018 चा हा चित्रपट. त्यातली बोली आपल्याच वऱ्हाडी वळणाची, म्हणून मुले खुशीत होती. त्यातल्या लहानग्या चैत्याला आपण या आईच्या पोटचे नाही हे कळते, त्या ठिकाणी खोलीत एकदम शांतता झाली आणि धाकट्याने आईचा पदर ओढून विचारले, "मंग थो कोनाचा हाय?" आईने टीव्ही बंद केला नाही आणि त्याला गप्पही केले नाही. "जिनं वाढवलं तिचा," ती म्हणाली. आजीने त्यात आपल्या माहेरच्या एका दत्तक गेलेल्या काकांची हकीकत जोडली, आणि पोर पुन्हा पडद्याकडे वळले. त्या खोलीत झाले ते कोणत्याही मंडळाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. दुःख मुलांना सोसवते. ते एकट्याने पाहावे लागले तर सोसवत नाही.

मात्र तेच दुःख सगळ्या गावांत सारखे नसते. मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' घ्या. त्यात कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याला जायबंदी झालेला बैल खाटकाला विकावा लागतो आणि त्या बैलावर जीव लावणारा लहान मुलगा त्याला वाचवण्यासाठी धडपडतो. पुण्यामुंबईच्या मुलाला ती एका दूरच्या खेड्यातली हृदयस्पर्शी गोष्ट आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून देशभर गेले, त्या जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरच्या मुलाला तीच गोष्ट शेजारच्या गोठ्यात घडलेली असू शकते, क्वचित स्वतःच्या घरात. वर सांगितलेल्या अभ्यासाचा अर्थ येथे लागतो: जे घडू शकेल त्याचे भय मोठ्या मुलांना अधिक, आणि मुंबईच्या कचेरीत बसलेल्या परीक्षण समितीने कितीही सद्‌हेतूने विचार केला तरी, कळंब तालुक्यातल्या अमुक घरी गेल्या साली काय झाले हे तिला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा अशा घरी 'टिंग्या' दाखवूच नये काय? माझ्या मते दाखवावा, पण मूल दहा-अकरा वर्षांचे असावे, वडील सोबत असावेत, आणि नंतर बोलायला सवड असावी.

पारितोषिकांविषयी आणि करमाफीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून तो बालचित्रपट होत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तील सोमनाथ अवघडे याला तो मिळाला, पण जातीचा दाह मांडणारा तो चित्रपट तेराचौदाच्या पुढच्या मुलांनी पाहावा असा आहे. बालचित्रपटाचा पुरस्कार निराळा असतो, आणि तो परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'ला मिळालेला आहे. पंढरपूरच्या वारीच्या दिवसांत सायकल वाचवण्यासाठी बांगड्या विकणाऱ्या मुलांची ती गोष्ट सात वर्षांच्या मुलालाही बरोबर घेऊन पाहता येते. करमुक्त चित्रपटाचे म्हणाल, तर करमणूक कराची सूट हा महसुलाचा हुकूम असे, मुलांच्या हिताचा दाखला नव्हे. आणि 1 जुलै 2017 पासून तो कर वस्तू व सेवा करात विलीनही झाला.

सर्वांत घातक गैरसमज मात्र सर्वांत अलीकडचा आहे. मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर इंटरनेटच्या मंचांवरून जे चित्रपट व मालिका येतात, ते सगळे सेन्सॉरमधून गेलेले असतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, या मंचांसाठीच तयार झालेल्या मालिकांना आणि चित्रपटांना प्रमाणन मंडळाचा दाखला लागत नाही. फेब्रुवारी 2021 च्या नियमांनुसार त्यांचे वयोगट ते मंच स्वतःच ठरवतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापतात. विक्रेत्याने आपल्याच मालाचा दर्जा ठरवावा असा हा व्यवहार आहे, तथापि त्याच नियमांनी 13+ आणि त्यावरील मजकुरासाठी पालकांच्या हाती कुलपाची सोय देणे मंचांवर बंधनकारक केले आहे. ती सोय असते; ती आपणहून चालू होत नाही, इतकेच.

म्हणून ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना माझी विनंती आहे की, रविवारी सगळ्यांनी मिळून पाहायचा चित्रपट आदल्या रात्री कोणीतरी एकाने थोडा पुढे-मागे करून पाहून ठेवावा, पाच वर्षांच्या आतल्याला भीतीचे काही दाखवायचेच झाले तर ते दिवसाढवळ्या दाखवावे, निजायच्या वेळी नव्हे, आणि मोबाइलमधले ते कुलूप आजच लावावे. त्याचा क्रमांक मुलाची जन्मतारीख ठेवू नये. घरात ती सर्वांत पक्की पाठ असते ती त्यालाच.