पाठबळाचा मंत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांच्या, 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि कृती साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. स्वतः घाव घालण्याऐवजी सोबत्यांचे बळ वाढवणाऱ्या मंत्राला ‘बफ’ आणि तो देणाऱ्या पात्राला ‘बफर’ म्हणतात. पुढील विवेचन 2014 च्या पाचव्या आवृत्तीला धरून असून, सूत्रधाराने कथेसाठी चंद्रपूर-गडचिरोलीची भूमी निवडली आहे असे त्यात मानले आहे.

गैरसमज : पाठबळ देणे हे केवळ क्लेरिकचे काम आहे.
वस्तुस्थिती : क्लेरिक म्हणजे देवतेकडून शक्ती मिळवणारा पुरोहित, त्याचा पहिल्या पातळीचा ‘ब्लेस’ मंत्र तिघांच्या हल्ल्याच्या आणि बचावाच्या फाशात चार बाजूंच्या फाशाची, म्हणजे सरासरी अडीचची, भर घालतो, आणि वीसपैकी एक अंक म्हणजे शेकडा पाच असल्याने यशाची शक्यता साधारणतः शेकडा साडेबाराने वाढते. गायन-वादनातून मंत्र साधणारा बार्ड मात्र एका वेळी एकाच सोबत्याला, सुरुवातीला सहा बाजूंचा आणि पंधराव्या पातळीपासून बारा बाजूंचा फासा देतो, जो एकदाच वापरता येतो.

गैरसमज : एकच पात्र कितीही बफ एकावर एक चढवू शकते.
वस्तुस्थिती : बहुतेक प्रभावी बफ मंत्रांना ‘एकाग्रता’ लागते, ती एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते आणि मंत्र म्हणणाऱ्याला इजा झाल्यास ती टिकवण्यासाठी दहा किंवा इजेच्या निम्मे, यांपैकी मोठा अंक फाशाने गाठावा लागतो. बार्डचा फासा या अटीतून मुक्त आहे. तसेच पॅलाडिन या धर्मयोद्ध्याला सहाव्या पातळीवर मिळणारे, दहा फुटांतील सोबत्यांचा बचाव बळकट करणारे वलयही मुक्त आहे.

गैरसमज : वरच्या पातळीचा मंत्र नेहमीच श्रेष्ठ ठरतो.
वस्तुस्थिती : विझार्ड म्हणजे ग्रंथ अभ्यासून मंत्र मिळवणारा, त्याचा तिसऱ्या पातळीचा ‘हेस्ट’ एका योद्ध्याचा वेग दुप्पट करतो आणि त्याला जादा हल्ला देतो, परंतु चंद्रपूरच्या परकोटातील जटपुरा दरवाजापाशी चकमक चालू असताना विझार्डला बाण लागून एकाग्रता भंगली, तर तोच योद्धा आपली पुढची पाळी संपेपर्यंत जागचा हलू शकत नाही की काही कृती करू शकत नाही. ‘ब्लेस’ तुटल्यास केवळ भर जाते, उलटा फटका बसत नाही.

गैरसमज : ड्रुइड म्हणजे गडचिरोलीच्या माडिया गावातील पेरमा.
वस्तुस्थिती : ड्रुइड हे नाव प्राचीन युरोपातील केल्टिक पुरोहितांवरून आले असून, खेळाडूंसाठी हा पात्रवर्ग 1976 मध्ये खुला झाला, पेरमा हा मात्र गावाच्या देवकार्याचा जिवंत मानकरी आहे, कल्पित पात्र नव्हे. खेळातील ड्रुइडचे, म्हणजे निसर्गाकडून शक्ती मिळवणाऱ्या पात्राचे, सामर्थ्य ‘पास विदाऊट ट्रेस’ या मंत्रात दिसते, कारण उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पानांवरून तुकडीला चोरपावलांनी जायचे असेल, तर तीस फुटांतील प्रत्येक सोबत्याच्या लपण्याच्या फाशात तो दहाची भर घालतो. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी साडेदहाच असल्याने ही भर जवळजवळ आणखी एका फाशाइतकी ठरते, आणि जी लढाई अशी टाळता येते तिच्यात इतर कोणत्याही वर्गाच्या पाठबळाची गरजच उरत नाही.