चव्वेचाळीस महिन्यांचा नारळ

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी येत होते आणि बीड जिल्हा टँकरकडे डोळे लावून बसला होता. समजा, त्या महिन्यात गेवराई तालुक्यातल्या उमापुरात कुणाच्या परसातल्या नारळाने शेंड्याच्या गाभ्यात नवी पोय धरली. पोय म्हणजे फुलांचा तुरा. त्या वेळी तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक. तो उमलायला डिसेंबर २०१८ उजाडणार आणि त्याचे नारळ पिकून उतरायला डिसेंबर २०१९. आत ३२ महिने, बाहेर १२. मध्ये २०१८ चा पाऊसही मराठवाड्याला दगा देऊन गेला. एकाच घडाने दोन दुष्काळ सोसले!

निरोगी झाड वर्षाला साधारण बारा झावळ्या काढते आणि प्रत्येकीच्या बगलेत एक पोय असते. म्हणजे शेंड्यात कायम येत्या अडीच-तीन वर्षांचे पीक वाढत असते. ‘यंदा घड नाही, मग पाणी कशाला?’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. त्या उन्हाळ्याचा फटका दोन-तीन वर्षांनी बसतो आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

खोडाची तऱ्हा आणखी निराळी. आंबा-लिंबासारखा नारळाचा बुंधा वर्षागणिक जाड होत नाही. रोप पहिली काही वर्षे जमिनीलगत नुसते रुंद होते आणि मग त्या जाडीने वर चढते. दुष्काळात खोड जिथे बारीक झाले, तिथे ते जन्मभर बारीकच राहते. चढण्यासाठी पाडलेल्या खाचाही कधी भरून येत नाहीत. वाढीचा डोळा एकच, शेंड्यावर. तो मेला की झाड संपले.

हे झाड दमट किनाऱ्याचे, आणि त्याला क्लोरीनची चांगलीच गरज असते. पानांवरची रंध्रे उघडण्या-मिटण्यात क्लोरीनचा हात असतो, त्यामुळे त्याची कमतरता कोरड्या हवेत लवकर जाणवते. आळ्यात मीठ टाकण्याच्या जुन्या रिवाजाला म्हणूनच अर्थ आहे. पण कालव्याच्या पाण्याने आधीच खारावलेल्या काळ्या रानात मी तरी मीठ टाकणार नाही. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश देतोच, त्यात निम्म्याच्या आसपास क्लोरीन असते. काळ्या मातीत खरी भीती साचलेल्या पाण्याची. खड्ड्यात वाळू मिसळावी, दोन झाडांत पंचवीस फूट अंतर ठेवावे आणि उन्हाळ्यात आळ्यावर पाचटाचे जाड आच्छादन घालावे. ऊस घेणाऱ्या या भागात पाचटाला काय तोटा!

गेंड्या भुंगा मात्र घरचाच शत्रू. त्याच्या अळ्या उकिरड्यात, कुजत्या शेणखतात पोसल्या जातात आणि मोठा भुंगा रात्री उडून थेट शेंड्यात शिरतो. तो न उघडलेले पान कुरतडतो. उघडल्यावर ते कात्रीने तिरके कातरल्यासारखे दिसते. म्हणजे इथेही जखम दिसते ती उशिराच. भोकातला भुंगा आकड्याच्या तारेने ओढून काढतात, पण उकिरडा वरचेवर उपसून अळ्या वेचल्या, की त्या कोंबड्यांपुढे टाकता येतात.