मुलांचे अधिवास प्रमाणपत्र : खर्च किती, माफी कोणती?

व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र मागतात. ते वेळेवर नसल्यास हुशार मुलाचीही हाती आलेली जागा जाऊ शकते. म्हणून ही माहिती आम्ही समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

या दाखल्यासाठी साधारणपणे महाराष्ट्रातील 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ही अट राज्याची आहे, गावाची नव्हे. कळमनुरीचे कुटुंब पोटासाठी पुण्यास गेले तरी वास्तव्य मोडत नाही. तेथील शाळेचे पुरावे मात्र जपावेत. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून निर्माण झाला. वडिलांच्या जुन्या दाखल्यावर परभणी जिल्हा असल्यास ती चूक समजू नये.

आता खर्चाविषयी. जात, उत्पन्न, वास्तव्य व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्रांसाठी शासकीय कार्यालयात द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क शासनाने 2004 साली माफ केले आहे. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते. ठरलेले सेवा शुल्क तेवढे भरावे व पावती अवश्य घ्यावी. मुदतीत दाखला न मिळाल्यास 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यान्वये अपील करता येते.

मुद्रांकापायी कोणाचाही अर्ज अडू नये. विद्यार्थ्यांनी निकालाची वाट न पाहता बारावीचे वर्ष सुरू होताच अर्ज करावा, ही आमची कळकळीची विनंती.