दुःखाला विचारावयाचा प्रश्न

संकट कोसळले की मनुष्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "हे माझ्याच वाट्याला का?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर बहुधा मिळत नाही, आणि त्यातच गुरफटलेले मन हळूहळू कडवट होते. ख्रिस्ती आत्मपरीक्षण हा प्रश्न दडपून टाकीत नाही. बायबलातील स्तोत्रांत तर तो थेट ईश्वरालाच विचारलेला आहे. मात्र त्याच्यापाठोपाठ ते दुसराही प्रश्न विचारावयास लावते, "आता माझे कर्तव्य कोणते?"

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या दुसऱ्या प्रश्नाचे सामर्थ्य दिसते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी ऐन तारुण्यात दुष्काळामध्ये आईवडील आणि थोरली बहीण गमावली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले; पदरी तान्ही मनोरमा उरली. एवढ्या आघातांनी एखादी स्त्री कायमची खचली असती, तर तिला कोण दोष देता?

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्मांतराने आत्मशोध संपला असे त्यांनी मानले नाही. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी निःसंकोचपणे सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त मात्र गवसला नव्हता. जगाने विदुषी म्हणून गौरविलेल्या स्त्रीने स्वतःकडे इतक्या कठोर प्रामाणिकपणे पाहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या अंतर्मुखतेने त्यांना जगापासून दूर नेले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलींनाही केडगावच्या मुक्ति सदनात आसरा मिळाला. स्वतः सोसलेली भूक त्यांना या मुलींच्या डोळ्यांत ओळखता आली. १९२१ साली मनोरमाही गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे आपले काम त्यांनी सोडले नाही. १९२२ साली त्यांनी देह ठेवला.

यावरून दुःख हे चांगलेच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. शोकात बुडालेल्याला "ही देवाची शिक्षा" असे सांगणे तर निव्वळ निष्ठुरपणा होय. दुःख दुःखच असते. त्यातून काय घडवावयाचे, एवढाच भाग आपल्या हाती असतो.

त्यासाठी फार मोठ्या साधनेची आवश्यकता नाही. रात्री दिवा मालविण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. आज कशाबद्दल कृतज्ञ राहावे, कोणाला दुखविले, आणि उद्या कोणाच्या उपयोगी पडता येईल, हे मनाला विचारावे. चुकीबद्दल क्षमा मागावी, पण स्वतःला झोडपीत बसू नये. आत्मपरीक्षणाचा शेवट अपराधाच्या ओझ्यात न होता उद्याच्या एखाद्या लहानशा कृतीत व्हावा. आजारी शेजाऱ्याची विचारपूस, अबोला धरलेल्या भावाला एक पत्र. दुःखाचे कारण कदाचित कधीच कळणार नाही. पण ती विचारपूस आणि ते पत्र उद्याच करता येण्यासारखे आहे.