खरखर कुठून येते?

इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार खरखरू लागली की सगळे पिकअपला दोष देतात. आधी केबल काढून वाजवा. खरखर तशीच राहिली, तर दोष विजेचा नाही. मोकळी तार खरखरते? पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. आवाज गेला तर नटची खाच खोल झाली आहे. एखाद्याच स्वराला झणझण होत असेल तर काहीतरी सैल आहे: खुंटीचा नट, जॅकची चकती किंवा पोटात लोंबणारी प्रीअँपची वायर. ही वायर फार चकवते, ठरावीक स्वरालाच थरथरते. कुणाला तरी तो स्वर छेडत राहायला सांगा आणि एकेक भाग बोटाने दाबत जा.

गुणगुण फक्त अँपवर येत असेल तर केबल आणि 9 व्होल्टची बॅटरी बदलून पाहा, चार्जर दूर करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिची गुणगुण बहुधा 100 हर्ट्झवर, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ लागते. ती घालवण्यासाठी अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. जिवावर बेतू शकते.